कोच्चन्नमच्या दारातला बँड

कोच्चन्नमचा नवरा इनासू गेला आणि तिच्या कुंपणापाशी आलं की अख्ख्या गल्लीचा आवाज बसायला लागला. शेजारचा अंतोणी रेडिओ बारीक करायचा. शाळेतून शीळ घालत येणारी पोरं तिचं फाटक दिसलं की एकमेकांना कोपरानं ढोसून गप्प व्हायची. मासेवाल्याची आरोळी एरवी पलीकडच्या वाडीतल्या मांजरांनाही ऐकू जायची. तोसुद्धा आता सायकलवरून उतरून, फाटकाला तोंड लावून, कुणाचं गुपित सांगावं तसा कुजबुजायचा, "चेडत्ती, बांगडे आणलेत." गावात थोरल्या बाईला ताईसारखं चेडत्ती म्हणायचे, थोरल्या पुरुषाला दादासारखं चेट्टन.

माणसं वाईट नव्हती. चांगलीच होती, आणि तिथेच पंचाईत होती. वाईट माणसाशी निदान भांडता येतं.

कारण हे घर म्हणजे गल्लीतलं सगळ्यात दंगेखोर घर. इनासू चर्चच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. सणांच्या दिवसांत बँडचा मोठा ढोल त्यांच्याच पुढच्या खोलीत मुक्कामाला असायचा. आल्यागेल्याला बसायला जागा नसायची, ढोलाला असायची. सकाळी कॉफीच्या आधी इनासूचे सूर सुरू व्हायचे आणि चुलीपाशी तिचं बोलणं. "अहो, जरा थांबता का?" लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यापासून ती हे म्हणत आली होती. ओणमच्या सुमारास एका दुपारी तो जेवून आडवा झाला तो उठलाच नाही. तेव्हापासून तिने ते वाक्य तोंडातून काढलेलं नव्हतं.

तसा इनासू गावापुरता क्लॅरिनेटवालाच राहिला असता. पण 'रौडी चाक्कुण्णी' आला.

सिनेमा साधाच. सगळा बाजार ज्याला घाबरतो असा एक गुंड, आणि तो फक्त आईला घाबरतो. दर दोन प्रसंगांनी हाणामारी, आणि प्रत्येक हाणामारीनंतर फाटक्या शर्टासाठी आईच्या शिव्या. त्यातलं ते पेरुन्नाळचं गाणं, म्हणजे चर्चच्या सणातलं, त्यांच्याच चर्चच्या पटांगणात चित्रित झालं. गाण्याचे बोल म्हणजे फणस, पोलीस आणि प्रेम, तिन्हीचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण चाल अशी की फादरसुद्धा प्रवचनाच्या आधी तीच गुणगुणताना सापडले होते. पडद्यावर दिसणारा बँड गावातलाच. दिग्दर्शकाने सांगून ठेवलं होतं, पहिला ठोसा पडला की बँडवाल्यांनी जिवाच्या आकांताने पळायचं. पडला. पळाले. मोठा ढोल एकटाच गडगडत शाळेच्या भिंतीपर्यंत गेला. आणि मधोमध इनासू उभा. डोळे मिटलेले, गाल फुगलेले, बोटं चालूच.

दिग्दर्शकाने कॅमेरा थांबवू दिला नाही. नायक हुशार होता. त्याने सगळी मारामारी इनासूच्या भोवतीच केली. एकाला त्याच्या खांद्यावरून हाणलं, दुसऱ्याला त्याच्या कोपराखालून ओढलं, मध्येच त्याची टोपी उचलून वारा घेतला आणि परत त्याच्या डोक्यावर ठेवली. अख्खं केरळ पोट धरून हसलं. इनासूचं नाव पडलं 'न थांबणारा इनासू'. त्याला कुणीही विचारलं की तो सांगायचा, "सूर लागला ना, की मला जगातलं दुसरं काही ऐकू येत नाही." लग्नात सांगायचा, बारशात सांगायचा. एकदा दात काढायला गेला तेव्हा तोंडात चिमटा असतानाही सांगितलं होतं.

एक गोष्ट मात्र तो कुणाला सांगायचा नाही. सिनेमा लागला त्या पहिल्या दिवशी दोघं इरिंगालकुड्याच्या थिएटरात गेली होती. पडद्यावर तो आला, लोकांनी कागदाचे कपटे उधळले, आणि याने तिच्या कानाला लागून म्हटलं, "ते मी नव्हे."

"म्हणजे? तुम्हीच की. टोपी वाकडी आहे ना."

"दिसतोय मी. वाजवतोय मद्रासचा कोणीतरी. स्टुडिओत बसून." खांद्यावरचा कपटा झटकून तो म्हणाला, "बरा वाजवतो."

पुढे गावात वाजवताना लोक म्हणायला लागले, "इनासूचेट्टा, सिनेमातल्यासारखं नाही हो येत." मग तो मद्रासवाल्यासारखं वाजवायला शिकला. स्वतःचंच गाणं दुसऱ्याकडून शिकावं लागलं. फक्त वर्षातून एकदा, पेरुन्नाळच्या दिवशी, संत सेबस्त्यानोसचा चांदीचा बाण, त्यांचा अंबू, घरोघरी फिरत त्याच्या स्वतःच्या दारात यायचा, तेव्हा तो दुसऱ्या ओळीनंतर हळूच एक वळण घालायचा. मासेवाल्याच्या आरोळीचं. अगदी तसंच, शेवटी शेपटी वर उचललेलं. आणि कोच्चन्नम ओसरीवरून मातीचं भांडं घेऊन बाहेर यायची, मासे घ्यायला निघाल्यासारखी. लोकांना वाटायचं भांड्यात बँडवाल्यांसाठी काही असेल. नवरा-बायकोत काय चाललंय हे कुणालाच कळायचं नाही.

या गाण्याची आणखी एक रीत गावात पडून गेली होती. चाल सुरू झाली की अंबूबरोबरचे पुरुष इनासूवर धावून जायचे आणि त्याच्या भोवती खोटी मारामारी करायचे. ठोसे हवेत, लाथा हवेत, आरोळ्या मात्र खऱ्या. तेव्हाचे सडपातळ गुंड आता ढेरी सांभाळत, गुडघा चोळत पडायचे, पण पडायचे. आणि इनासू डोळे मिटून मधोमध.

यंदा मकर महिन्यात, पेरुन्नाळच्या तोंडावर, तो सिनेमा नव्याने झळाळी देऊन पुन्हा लागला. तिकिटं मिळेनात. ज्यांचा जन्म तेव्हा झाला नव्हता त्या पोरांनी नायकाच्या मोठ्या चित्राला हार घातले. ते गाणं फोनांत, रिक्षांत, भाताच्या गिरणीत, सगळीकडे वाजायला लागलं. फक्त कोच्चन्नम जिथे असेल तिथे नाही. तिला बघितलं की लोक घाईघाईने बंद करायचे. त्यामुळे तिच्या वाट्याला दरवेळी पहिली ओळ यायची, आणि तीही अर्धी.

सुधीच्या रिक्षात बसली तेव्हा तर तो गाणं लावूनच आला होता. तिला बघून त्याने बटणावर असा हात मारला की जणू विंचू होता.

"का बंद केलंस?"

"नको चेडत्ती. उगाच तुम्हाला आठवण येईल."

"ती मला नुसत्या भातानेही येते, सुधी. लाव."

"नाही हो, मला पाप लागेल."

"मग भाडं घेऊ नकोस. पुण्यही लागेल."

सुधी कसंनुसं हसला. त्याने भाडं घेतलं आणि गाणं काही लावलं नाही.

मस्कतहून जिन्सीचा, लेकीचा फोन आला. "अम्मच्ची, थिएटरात जा ना एकदा. अप्पनला बघून ये."

"बघायला भिंतीवर फोटो आहे, मोळे. आणि ऐकायचं म्हटलं तर तिथे मद्रासवाला."

पण खरं सांगायचं तर तिला आता मद्रासवालाही चालला असता. तिला गोंगाट हवा होता. तिच्या दारात, तिच्या पायऱ्यांशी, पोटात ढोल वाजेल असा. अंबूच्या दिवशी बँड येईल, या एका गोष्टीवर तिने ओणमपासूनचे महिने ढकलले होते. इनासूचं ते वळण येणार नाही हे तिला ठाऊक होतं. बाकीचं तर येईल.

मग पैली आला. पैली यंदाच्या अंबू कमिटीचा प्रमुख. प्रमुख झाल्यापासून तो चालताना हात मागे बांधायला लागला होता. ओसरीवर खाटेवर वेरोनी बसली होती. ती इनासूची थोरली बहीण. अंगात चट्टा नावाचा पांढरा सैल झंपर, कमरेला मागे चुण्यांचा पंखा काढलेलं मुंडू, कानात जड सोन्याची कुणुकं. भाऊ गेल्यावर ती वर्षभरासाठी म्हणून राहायला आली होती, आणि टीव्हीच्या रिमोटवर बसली होती. खरोखरच बसली होती. तो खाटेवरच्या उशीखाली असायचा.

"चेडत्ती," पैली कोच्चन्नमला म्हणाला, "कमिटीनं एकमतानं ठरवलंय."

"एकमतानं? मागच्या वर्षी तुमचं मंडपाच्या कापडावर एकमत होत नव्हतं."

"हे इनासूचेट्टनचं आहे ना." पैलीने घसा साफ केला. "अंबू तुमच्या घरी येईल तेव्हा बँड गप्प राहणार. अंतोणीच्या फणसापासून पलीकडच्या विहिरीपर्यंत एक टिपरी पडणार नाही. सगळे टोप्या काढतील. देवस्सी म्हणाला, ज्याच्या दारात तो स्वतः वाजवायचा, तिथे आम्ही कुठल्या तोंडानं वाजवायचं?" देवस्सी म्हणजे बँडचा मास्तर. पैलीचे डोळे भरून आले होते. "असा मान आपल्या गावात आजवर कुणालाच मिळाला नाही, चेडत्ती."

"बरं केलंत," खाटेवरून वेरोनी म्हणाली. "शोभेल असं केलंत."

कोच्चन्नमच्या घशाशी शब्द आला होता. वाजवा. एवढाच. पण नवऱ्याला जाऊन वर्ष झालेलं नाही अशी बाई, तिच्या नणंदेसमोर, कमिटीच्या प्रमुखाकडे मारामारीच्या गाण्याची फर्माईश करते, हे वाक्य संध्याकाळपर्यंत कुठे कुठे जाऊन आलं असतं हे तिला दिसलं. आणि पैलीचे डोळे खरोखरच भरलेले होते. एवढ्या प्रेमाने दिलेली वस्तू नको कशी म्हणायची?

"कॉफीत साखर घालू?" तिने विचारलं.

"दुःखाच्या घरात चालते ना?"

"दुःखाच्या घरात चालते. साखरेच्या आजारात चालत नाही. तुझं काय ते तू बघ."

पैलीने दोन चमचे घालून घेतली.

पुढचे दिवस तिने कामात घातले. तांदूळ भिजवले, माडी आणून पीठ आंबवलं, ते वाफवून वट्टयप्पम करायच्या थाळ्या घासून ठेवल्या. डुकराच्या मांसात घालायला कूर्का आणल्या. त्या चिमुकल्या कंदांची सालं गोणपाटात घासून काढता काढता बोटं काळी होतात ती आठवडाभर तशीच राहतात.

"एवढं कशाला?" वेरोनी म्हणाली. "पैली तर म्हणाला नुसती कॉफी पुरे."

"गप्प बसून भूक जास्त लागते, चेडत्ती."

वेरोनीने तिच्याकडे जरा निरखून बघितलं. खाटेवरून उतरून समोर बसली आणि कूर्का घासायला लागली.

पेरुन्नाळच्या दिवशी उन्हं कलली तसा बँड ऐकू यायला लागला. आधी चर्चच्या बाजूला, मग गिरणीपाशी, मग वळणावर. प्रत्येक घरापुढे एक गाणं, फटाक्यांची माळ, पुन्हा पुढे. सिनेमातलं ते गाणं गिरणीपाशी वाजलं तेव्हा कोच्चन्नम फाटकात उभी होती. क्लॅरिनेट कुणी परकं वाजवत होतं. चांगलं वाजवत होतं. तिथे मारामारी मात्र झाली नाही. ती इनासूच्या नावाने राखून ठेवलेली असावी. किंवा इनासूशिवाय कुणाला सुचली नसावी.

अंतोणीच्या फणसापाशी बँड थांबला. एकदम. कुणी तोंडावर हात ठेवावा तसा.

मग ते आले. लाल कोट, सोनेरी झालरी, टोप्या छातीशी. पुढे चांदीच्या ताटात अंबू घेतलेला चर्चचा सेवक, वर रेशमी छत्री, मागे अर्धं गाव. आणि कोच्चन्नमला पेरुन्नाळमध्ये आयुष्यात कधी न ऐकलेले आवाज ऐकू आले. चपलांची फरफर. कुणाचा तरी दमा. छत्रीच्या घुंगरांची किणकिण. एवढी माणसं, एवढं पितळ, आणि शांतता अशी की ताटातला बाण हलला तेही कळलं. ही शांतता इतके महिने थोडी थोडी तिच्या कुंपणाशी येत होती. आता ती वाजतगाजत, नाही, न वाजता न गाजता, घरात शिरत होती.

अंबू पुढच्या खोलीत मेणबत्त्यांमध्ये ठेवला. प्रार्थना झाली. वेरोनीने वाकून मुका घेतला, मग कोच्चन्नमने. चांदी थंड होती. सगळे मान खाली घालून उभे. देवस्सी तिच्यासमोर आला, टोपी दोन्ही हातांत धरून, आणि त्याने अगदी हलक्या आवाजात, मासेवाल्यासारखं कुजबुजत म्हटलं, "निघतो, चेडत्ती."

"देवस्सी," कोच्चन्नम म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "एवढं गप्प राहायला माझ्या घरात कोण मेलंय?"

अंगणातल्या सगळ्या माना वर आल्या.

"अहो... चेडत्ती... इनासूचेट्टन..."

"तेच म्हणते मी. इनासू मेलाय. तो गप्प बसणारा माणूस होता का? जन्मभर मी त्याला थांबा म्हटलं, कधी थांबला का? आता माझ्या दारात येऊन तुम्ही त्याच्या नावाने गप्प बसता. वाजव."

"कोच्चन्नम!" वेरोनी म्हणाली.

"चेडत्ती, नंतर काय बोलायचं ते बोला. वाजव, देवस्सी."

देवस्सीने पैलीकडे बघितलं. पैलीने फादरना शोधलं, फादर पुढच्या गल्लीत होते. "कुठलं वाजवू?" देवस्सीने विचारलं. "भक्तिगीत?"

"सिनेमातलं."

कुणाच्या तरी हातून झांज निसटली आणि पायरीवर पडली, तोच काय तो आवाज. मग देवस्सीने टोपी डोक्यावर घातली. नव्या क्लॅरिनेटवाल्याला खूण केली. हा मणिकंठन, भारतप्पुळा नदीच्या पलीकडचा. देवळाच्या उत्सवांत नादस्वरम वाजवायचा आणि चर्चच्या सणांच्या दिवसांत क्लॅरिनेट. भरघोस मिशांचा, अंगाने दांडगा माणूस. त्याने सगळ्यांकडे एकदा घाबरून बघितलं आणि क्लॅरिनेट ओठाला लावलं.

पहिली ओळ. पूर्ण. कोच्चन्नमने पायरीच्या खांबाला धरलं. मग ढोल पडला, आणि तो खरोखरच पोटात वाजला.

दुसरी ओळ सुरू होते न होते तोच पैलीच्या तोंडून आरोळी निघाली. कमिटीचा प्रमुख वगैरे सगळं विसरून, हात मागचे पुढे घेऊन, ठोसे वळून तो धावला. त्याच्यामागे अंतोणी, त्याच्यामागे सुधी, त्यामागे गिरणीवाला, सगळे ओरडत, सगळे मणिकंठनच्या अंगावर.

मणिकंठनने क्लॅरिनेट छातीशी घट्ट धरलं, किंकाळी फोडली आणि तो खाली बसला.

बँड फाटला. ढोल दोन टोले पुढे गेला आणि थांबला. माणसं ठोसे हवेत धरून उभी राहिली.

"काय झालं रे?" पैलीने विचारलं.

"मी नाही हो!" मणिकंठन खालूनच म्हणाला. "बाईच म्हणाल्या वाजव! मी म्हटलं होतं का? सुतकाच्या घरात वाजवलं म्हणून मारता काय? मी नाही वाजवत म्हणालो असतो, मला कुणी विचारलं तरी का?"

क्षणभर कुणाला काहीच कळलं नाही. मग सुधीच्या नाकातून आवाज आला. मग अंतोणीच्या. देवस्सी हात जोडून मणिकंठनला समजावायला लागला, "अरे बाबा, खोटं आहे ते, सिनेमातलं, तू सिनेमा नाही बघितलास?"

"सिनेमात बघितलंय. सिनेमात लागत नाही. हे चौघं खरे आहेत!"

"लागणार नाही, माझी हमी."

"तुमच्या हमीला काय करू? तुम्ही तिकडे कडेला काठी हलवणार. मधे मी."

तो काही उठेना. कोच्चन्नम पायऱ्या उतरली आणि माणसांमधून वाट काढत त्याच्यापाशी गेली. वर्षानुवर्षं तिने ही मारामारी ओसरीवरून बघितली होती, भांडं हातात घेऊन. त्या गर्दीच्या मधे ती कधी आली नव्हती.

"ऊठ, मोने, ऊठ बाळा. डोळे मीट आणि वाजव. मग काही वाटत नाही."

"तुम्हाला काय माहीत काही वाटत नाही?"

हे बरोबर होतं. तिला काय माहीत?

"तुम्ही इथे उभ्या राहा," मणिकंठन म्हणाला. "माझ्या शेजारी. मग वाजवतो."

"मी?"

"वाजव तुम्हीच म्हणालात ना?"

ओसरीवरून वेरोनीचा आवाज आला, "उभी राहा गं. आता मागे काय सरतेस!"

म्हणून कोच्चन्नम उभी राहिली. काळ्या काठाच्या साडीत, कूर्का घासून काळी झालेली बोटं एकमेकांत घालून, एका परक्या मिशाळ माणसाच्या खांद्याला खांदा लावून. मणिकंठनने डोळे घट्ट मिटले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. आणि ते आले.

पैलीचा ठोसा तिच्या गालाजवळून गेला, त्याचा वारा लागला. गिरणीवाला तिच्या डाव्या कानात भयंकर ओरडला आणि पायाशी आडवा झाला. अंतोणीने लाथ उचलली, ती कुठे जाणार हे त्याला तरी माहीत होतं की नाही देव जाणे. ही सगळी तिने वर्षानुवर्षं बघितलेली माणसं, आणि तरी तिचे गुडघे असे धरले की पळ म्हटलं असतं तरी तिला पळता आलं नसतं. तिने डोळे मिटले. दुसरं काही करण्यासारखं नव्हतंच.

आणि मिटल्यावर तिला कळलं.

अगं बाई, तिच्या मनात आलं. त्या शूटिंगला इनासू घाबरला होता!

सूर बीर काही लागला नव्हता त्याला. पाय उचलेनात म्हणून उभा राहिला, आणि डोळे उघडायची हिंमत नव्हती म्हणून मिटले, आणि बोटांना दुसरं काही येत नव्हतं म्हणून ती चालत राहिली. तिला हसू फुटलं. मिटल्या डोळ्यांनी, मारामारीच्या मधोमध, तोंड उघडून ती हसायला लागली आणि थांबेना. दुसरी ओळ संपली. तिथे, जिथे इनासू ती शेपटी उचललेली आरोळी घालायचा, तिथे मणिकंठनने फक्त श्वास घेतला. तेवढी जागा रिकामी राहिली. तिने ती राहू दिली. मग तिसरी ओळ आली, फणस आणि पोलीस आणि प्रेम, सगळं शेवटपर्यंत, आणि गालांवरून काय ओघळतंय ते पुसायला तिला हात मोकळा करता आला नाही, कारण मणिकंठनने केव्हातरी तिच्या पदराचं टोक कोपराखाली दाबून धरलं होतं.

गाणं संपलं तेव्हा निम्मं गाव जमिनीवर पडलेलं होतं. पैलीला उठवायला दोघं लागले. कुणी डोळे पुसत होतं, कुणी गुडघा. अंतोणी म्हणाला, "अगदी इनासूचेट्टनसारखं झालं," आणि तिने त्याला काही दुरुस्त केलं नाही. मद्रासचा कोणीतरी इतकी वर्षं या सगळ्यांसाठी इनासू होता. तो आज मणिकंठनच्या क्लॅरिनेटमधून दारात आला होता तर आला होता.

बँडवाले जेवले. गप्प नव्हते, तरी भूक चांगलीच लागली होती. मणिकंठनने वट्टयप्पम मागून मागून घेतलं आणि जाताना तिला विचारलं, "पुढच्या घरीही मारतात का?"

"विचारून घे," ती म्हणाली.

मिरवणूक विहिरीपलीकडे गेली. ओसरीवर खरकट्या पानांच्या ढिगाशेजारी दोघी बसल्या. वेरोनीने स्वतःसाठी मांसाचा शेवटचा वाटा ठेवून घेतला होता. ती तो सावकाश खात होती. कोच्चन्नम बोलणी खायची वाट बघत होती. बोलणी येईनात.

शेवटी तीच म्हणाली, "चेडत्ती, एक सांगू? शूटिंगच्या दिवशी ते घाबरले होते. सूर लागला वगैरे काही नाही."

वेरोनीने घास गिळला. "मग? तुला काय वाटलं होतं?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"त्या दिवशी तुझ्याकडे यायच्या आधी तो माझ्याकडे आला होता. मागच्या दारानं."

"कशाला?"

"पँट धुवायला."

"मला म्हणाले, शूटिंगवाल्यांनी पाण्याचा फवारा मारला."

"फवारा मारला, पण शूटिंगवाल्यांनी नाही." वेरोनीचा चेहरा अजून तसाच, चर्चमध्ये बसल्यासारखा. पण कानातली कुणुकं थरथरायला लागली होती. "माझ्या विहिरीवर उभा राहून रडत होता. म्हणाला, सगळे पळाले गं, मला पळताच आलं नाही, आता नोकरी जाईल बँडमधली. मी म्हटलं, कुणी विचारलं तर सांग, सूर लागला होता."

"म्हणजे ते वाक्य तुमचं?"

"मग काय त्याचं? त्याला एवढं कुठून सुचायला!"

कोच्चन्नमने पदर तोंडात कोंबला, पण उपयोग झाला नाही. दोघी एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या. वेरोनीला ठसका लागला, कोच्चन्नमने तिची पाठ थोपटली, पाणी दिलं, आणि पाणी पितापिताच ती पुन्हा हसायला लागली आणि चट्ट्यावर सांडलं.

"पण हे बघ," दम आल्यावर वेरोनी बोट रोखून म्हणाली, "हे गावात कुणाला सांगू नकोस. निदान तो सिनेमा थिएटरातून उतरेपर्यंत तरी."